खुंटी पिळणारा अंगठा : मिरजेतल्या एका सतार कारागिराचं प्रकरण

सांगली-मिरज पट्ट्यात फिजिओथेरपी करायची म्हणजे खांदे आणि कमरा. हळदीच्या पेठेतले हमाल येतात, तासगावकडच्या द्राक्षबागांत मांडवाखाली दिवसभर हात वर करून विरळणी करणाऱ्या बाया येतात. अंगठा घेऊन कुणी येत नाही. आलाच तर मोबाइल जास्त वापरणारा कॉलेजचा पोरगा.

त्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यात चाचा आले तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघितलं नाही, हे आधीच सांगून टाकते. वय ५८, मिरजेतले सतार-तानपुरे बनवणारे कारागीर, चाळीस वर्षांहून जास्त याच कामात. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल अशा बाकी गोष्टी गाळल्या आहेत.

तक्रार : उजव्या अंगठ्याच्या बाजूला सात महिन्यांपासून दुखणं. आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी सोबत होती. तिच्यावर डी क्वेर्व्हेनचं निदान. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने दोन स्नायूबंध एका अरुंद बोगद्यातून अंगठ्याकडे जातात, त्या बोगद्याला सूज येते. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या सर्जनने १८९५ मध्ये हा आजार मांडला. आपल्याकडे लोक सरळ 'शीर आखडली' म्हणतात. चाचांना मनगटाचा पट्टा दिला होता, मलम दिलं होतं, एक इंजेक्शनही झालं होतं. इंजेक्शनने पंधरा दिवस बरं वाटलं, मग परत तेच. मनगटाचा एक्स-रे होता, 'काही दोष नाही' असं त्याच्यावर लिहिलेलं.

मी फिंकेलस्टाइनची चाचणी केली. अंगठा मुठीत घ्यायचा आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायचं. चाचा खुर्चीतून अर्धे उठले. झालं, चिठ्ठीवरचं निदान खरं ठरलं. मी अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) लावलं, स्नायूबंधांना ताण द्यायचे व्यायाम शिकवले आणि दोन आठवड्यांनी बोलावलं.

दोन आठवड्यांनी दुखणं वाढलं होतं.

"मॅडम, तुमचा व्यायाम केला की भाकरी मोडता येत न्हाई बघा," चाचा म्हणाले. मग स्वतःच हसले. "जवारी काढताना दुखतंय, आन् ज्वारीची भाकरी मोडतानापण दुखतंय."

वाचकांपैकी ज्यांना सतारीची माहिती नाही त्यांच्यासाठी : जवारी म्हणजे ज्या घोडीवरून तारा जातात तिच्या माथ्याला कानशीने घासून दिलेला अगदी अलगद उतार. त्या उतारावर तार निसटता स्पर्श करत थरथरते म्हणून सतारीला तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. उतार केसभर चुकला तर तार मुकी होते नाही तर खरखरते. बारीक कानस अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून, चार वेळा घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. असं तासन् तास.

मी त्या दिवशी पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला, तोही वैतागून : "एका बोटाने दाखवा, नेमकं कुठं?" पहिल्या भेटीत 'कुठं दुखतं' विचारलं होतं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने सगळं मनगटच मुठीत धरून दाखवलं होतं आणि मी ते मान्य केलं होतं. आता त्यांनी डाव्या तर्जनीचं टोक ठेवलं ते मनगटाच्या हाडाच्या टोकावर नव्हतं. त्याच्या जेमतेम दीड-दोन बोटं पुढे, अंगठ्याच्या अगदी बुडाशी होतं. आणि मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक शिसवी खुंटी काढली.

"शीर न्हाई ओ ही. ही धरली की दुखतंय. बघा की."

त्यांनी खुंटीचं डोकं अंगठ्याचा गर आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये धरलं, आपण किल्ली धरतो तसं. समोर भोक नव्हतं म्हणून डाव्या मुठीच्या पोकळीत तिचं टोक खुपसलं. सतारीच्या खुंट्या निमुळत्या असतात, त्यांना स्क्रू नाही की दाते नाहीत. भोकात घट्ट रेटल्या तरच त्या घर्षणाने टिकतात, नाही तर तार सैल पडते. म्हणून खुंटी नुसती फिरवून चालत नाही. आत दाबत दाबत पिळावी लागते. चाचांनी दाबून पिळली, आणि माझ्यासमोर दोन गोष्टी घडल्या. अंगठ्याच्या बुडाशी एक चौकोनी उंचवटा वर आला, आणि अंगठ्याचा मधला सांधा उलट बाजूला, मागे कलला.

हा आजार स्नायूबंधाचा नव्हता, सांध्याचा होता. सांधाही मनगटाचा नव्हता.

एका हातातले सांधे

शाळेत सांध्यांचे प्रकार आपण वेगवेगळ्या अवयवांवरून शिकतो : कवटीचे अचल सांधे, खांदा आणि खुबा उखळीचे, गुडघा बिजागरीचा. परीक्षेपुरतं ते बरं आहे. पण खुंटी धरलेला एक हात बघितला तर उखळ आणि कवटीच्या शिवणी सोडून जवळजवळ सगळे प्रकार तिथेच सापडतात. उखळही खांद्यापर्यंत गेलं की मिळते.

बोटांची पेरं वाकतात ते बिजागरीचे सांधे. दाराच्या बिजागरीसारखे ते एकाच प्रतलात उघडतात आणि मिटतात. तर्जनीचं मधलं पेर बाजूला वळवून बघा, जमणार नाही. अंगठ्याला दोन पेरं, बाकीच्यांना तीन, त्यामुळे अंगठ्यात असा खरा बिजागरीचा सांधा एकच.

बोट तळहाताला जिथे मिळतं तो मुठीच्या गाठीचा सांधा लंबगोल. लंबगोल डोकं उथळ वाटीत बसलेलं. बोट पुढे-मागे होतं आणि डावी-उजवीकडे फाकतंही, पण स्वतःभोवती फिरत नाही. यातली एक गंमत हाताने करून बघण्यासारखी आहे. बोटं सरळ ठेवून फाकवा, सहज फाकतील. आता गाठी काटकोनात वाकवून फाकवायला जा. अडकतील. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे बंध वाकल्यावर ताणले जातात आणि बोट जाम धरून ठेवतात. म्हणून मुठीत धरलेली वस्तू डगमगत नाही. चार रुग्णांना हे करून दाखवलं की पाचव्याला सांधा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तो बाहेरच्या बाकावरच शिकून आलेला असतो.

मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत. त्यांचे एकमेकांशी सांधे सरकते : सपाट पृष्ठभाग एकमेकांवर थोडेसे घसरतात, एवढंच. ही ओळ आणि कोपरापासून येणारं हाड यांच्यामधला मनगटाचा मुख्य सांधा पुन्हा लंबगोल.

कोपराकडे गेलो की खिळीचा सांधा. तळहात उताणा करून पालथा करा. फिरलं काय? मनगट नव्हे. कोपर ते मनगट दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं जागेवर राहतं आणि अंगठ्याच्या बाजूचं त्याच्यावरून लोळतं. लोळणाऱ्या हाडाचं वरचं गोल डोकं कोपराजवळ बंधाच्या एका कड्यात बसलेलं असतं आणि त्या कड्यात फिरतं. निरोगी हात मधल्या स्थितीपासून प्रत्येक बाजूला सुमारे ८० ते ९० अंश वळतो. या सांध्याची आठवण ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि अंगठ्याचं बूड. मनगटातलं ट्रॅपिझियम नावाचं हाड आणि अंगठ्याचं पहिलं लांब हाड यांच्यामधला हा सांधा खोगिरासारखा आहे. ट्रॅपिझियमचा माथा एका दिशेने खोलगट, त्याच्या काटकोनातल्या दिशेने फुगीर. समोरच्या हाडाचं बूड बरोबर उलट. म्हणजे एका खोगिरावर दुसरं खोगीर उपडं, आडवं ठेवल्यासारखं. घोडा लागत नाही, दोन हात पुरतात. दोन्ही हातांची अंगठा-तर्जनीमधली बेचकी एकमेकांत काटकोनात अडकवा. पुढे-मागे डोलवा, डोलतात. बाजूला डोलवा, डोलतात. आता एक हात स्वतःभोवती गरकन फिरवायला जा. थोडासा पीळ बसतो आणि कडा अडतात.

अंगठा समोर येऊन करंगळीला टेकतो तेव्हा तो थोडा वळतोच, पण हे वळणं त्याच्या मर्जीचं नसतं. पृष्ठभागांचा आकार आणि बंधांचा ताण त्याला जाता जाता वळवतो. उखळीच्या सांध्यासारखं हवं तेव्हा हवं तितकं फिरणं खोगिराच्या नशिबी नाही.

तर्जनी आणि मधल्या बोटाची तळहातातली लांब हाडं मनगटाशी जवळपास पक्की बसलेली, हलत नाहीत. करंगळीचं थोडं हलतं. सगळी मोकळीक अंगठ्याच्या वाट्याला आली, आणि मोकळीक म्हटली की झीज आलीच. अमेरिकेत १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितात चिमटीच्या टोकाशी १ किलो जोर लावला तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर सरासरी १२ किलो दाब येतो असं निघालं. स्नायू अंगठा समोर ओढतात आणि त्याच ओढीने हाड ट्रॅपिझियमवर आदळवतात. भाकरीचा तुकडा मोडायला फार जोर लागत नसेल, पण बुडाशी त्याचा हिशोब बारापट लागतो.

चूक कुठे झाली

फिंकेलस्टाइनची चाचणी स्नायूबंध ताणते हे खरं. पण ती ताणताना अंगठ्याचं बूडही ओढलं जातं. बुडाचा सांधा झिजलेला असेल तर तोही बोंब मारतो. म्हणजे चाचणी खोटं बोलली नव्हती, मी तिला अर्धाच प्रश्न विचारला होता. आणि मनगटाच्या नेहमीच्या एक्स-रेत हा सांधा शेजारच्या हाडांवर चढलेला दिसतो, फट नीट कळत नाही. 'काही दोष नाही' हा शेरा मनगटाबद्दल बरोबर होता.

मी अंगठ्याच्या बुडाची दाब-पिळाची चाचणी केली. अंगठ्याचं लांब हाड धरायचं, त्याच्या अक्षात ट्रॅपिझियमकडे दाबायचं आणि दाबूनच हलकं फिरवायचं. जात्यात काहीतरी भरडल्यासारखं माझ्या बोटांना लागलं. चाचांनी डोळे मिटले. मग मनगटाच्या हाडाच्या टोकाशी, जिथे डी क्वेर्व्हेनमध्ये दुखायला हवं, तिथे दाबलं. "तितं काय न्हाई."

दाबायचं आणि फिरवायचं. चाचणी हातावेगळी झाल्यावर टेबलावर पडलेल्या खुंटीकडे माझं लक्ष गेलं आणि थोडी लाजच वाटली. खुंटी बसवणं म्हणजे हेच. आम्ही निदानासाठी एकदा करतो ती चाचणी हा माणूस चाळीस वर्षं दिवसभर स्वतःच्या अंगठ्यावर करत आला होता. एका सतारीला बाजाच्या (वाजवायच्या) आणि तरफेच्या (खालच्या, आपसूक गुंजणाऱ्या) तारांच्या मिळून अठरा ते वीस खुंट्या. प्रत्येक खुंटी बसेपर्यंत किती वेळा आत-बाहेर, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

त्यांचं एक म्हणणं होतं की पावसाळ्यात हवा लागते आणि अंगठा जास्त ठणकतो. हवेबद्दल मी वाद घालत नाही. पण पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या भोकांत अडकून बसतात, दुरुस्तीला आलेल्या वाद्यांवर एरवीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. ठणक्याचा काही भाग ढगांच्या नव्हे, शिसवाच्या नावावर टाकायला हरकत नाही.

अंगठ्याचा वेगळ्या कोनातला एक्स-रे काढून घेतला. फट बरीच कमी झालेली, कडेला हाडाची वाढ, लांब हाडाचं बूड ट्रॅपिझियमवरून किंचित बाहेर सरकलेलं. या सांध्याच्या झिजेच्या चार टप्प्यांच्या वर्गवारीत तिसरा. हा आजार पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो, त्यामुळेही पुरुषाच्या अंगठ्यात तो शोधायचं कुणाच्या मनात आलं नसावं.

सुरुवातीची मोजमापं : किल्ली धरतात तशी चिमटी, उजवी साडेचार किलो, डावी आठ. अंगठा समोर आणण्याची कापांजीची मोजपट्टी दहा गुणांची असते. तर्जनीचं टोक गाठलं की तीन, करंगळीचं टोक गाठलं की सहा, तळहाताची वरची रेघ गाठली की दहा. चाचा उजव्या हाताने सहावर अडले. कामातलं दुखणं दहापैकी सात. बेचकं आखडलेलं : पाण्याचा तांब्या तोंडाकडून पंज्यात धरता येत नव्हता.

पट्टी, आणि मग दुसरी पट्टी

ताणाचे व्यायाम त्याच दिवशी बंद केले. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या तक्त्यापासून पट्टी बनवली. चांगली लांब, मनगटापासून अंगठ्याच्या नखाखालच्या पेरापर्यंत. पुढच्या भेटीत कळलं की ती कारखान्यात खिळ्याला टांगलेली आहे. "घातली की कानस धरता येत न्हाई. तार मिळवायला गेलं की हातच दुसऱ्याचा वाटतोय."

बरोबर होतं त्यांचं. मी एका सांध्यासाठी तीन सांधे बांधून टाकले होते. दुसरी पट्टी आखूड केली : फक्त बुडाचा सांधा कवेत, मनगट मोकळं, वरची पेरं मोकळी. ती राहिली.

व्यायाम दोनच. तर्जनी मधल्या बोटापासून दूर, अंगठ्याच्या बाजूला ढकलायची, वर रबराचा विरोध. ज्या स्नायूने हे होतं तो अंगठ्याचं बूड ट्रॅपिझियमवर सरळ बसवून ठेवायला मदत करतो. आणि बेचकं सैल करण्यासाठी तिथल्या स्नायूला हलका मसाज, मग अंगठा आडवा न ओढता तळहातापासून पुढे उघडायचा, 'सी'चा आकार करत. बस. चाळीस वर्षं हाताने काम करणाऱ्या माणसाला बारा व्यायामांचा कागद दिला तर त्याची पुडी बांधली जाते.

खरा प्रश्न खुंटीचा होता. काम बंद करा, हे मी बोलले नाही. मिरजेत ही कारागिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. तलवारी-भाल्यांना धार लावणारी शिकलगार घराणी वाद्यांकडे वळली तेव्हापासून. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांच्या हाताखाली पुतण्या आहे. तो खुंट्या बसवतो, दांडीवरचे सुरांचे पडदे बांधतो, पण जवारी अजून त्याच्याकडे सोडलेली नाही.

म्हणून खुंटी पिळण्याचं काम फोडून बघितलं. त्यात दोन गोष्टी होत्या : धरणं आणि फिरवणं. चाचा दोन्ही गोष्टी अंगठ्याच्या खोगिराकडून करून घेत होते. त्यातलं फिरवणं करायला शरीरात एक सांधा आयता आहे, कोपराजवळचा खिळीचा. त्याचं कामच ते. कोपर काटकोनात ठेवलं तर हात उताणा करताना दंडाचा बायसेप्सही जोर लावतो, आणि तो केवढा स्नायू! फक्त खुंटीचं डोकं इतकं लहान की ते अख्ख्या पंज्यात मावत नाही. चिमटीतच धरावं लागतं, आणि चिमटीत धरलं की अंगठा आलाच.

मी कागदावर एक ओबडधोबड चित्र काढलं. जाड मूठ, तिच्या टोकाला खाच, खाचेत खुंटीचं डोकं बसेल. चाचांनी चित्र उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि खिशात घातलं.

आठ दिवसांनी ते घेऊन आले. माझ्या चित्रापेक्षा कितीतरी देखणं. तुणाच्या लाकडाची मूठ, तानपुऱ्याच्या डोक्यासारखी थोडी फुगीर, पंजाभर जाड. खाचेच्या आत चामड्याची पट्टी चिकटवलेली, खुंटीवर ओरखडा उठू नये म्हणून. त्यांनी ती मुठीत धरली, कोपर बरगडीला टेकवलं आणि हात उताणा केला. अंगठा मुठीभोवती नुसता गुंडाळलेला. बुडाशी उंचवटा आला नाही. मी दोनदा करायला लावलं, खात्रीसाठी कमी आणि बघायला बरं वाटत होतं म्हणून जास्त.

सगळंच मात्र मुठीने होत नाही. खुंटी घासून बसवताना, अडकलेली सोडवताना मूठ चालते. तार सुरात आणताना शेवटचा केसभर पीळ चाचा बोटांनीच देतात. लाकडाच्या मुठीतून खुंटी 'बोलत नाही' म्हणतात. कानशीला जाड दांडा बसवायचं मी तीनदा सुचवलं, तीनदा नकार. पातळ पोलादातून घोडीचा उतार बोटाला कळतो, जाड दांड्यातून कळत नाही. इथे मी माघार घेतली. पट्टी घालून, दर वीस मिनिटांनी कानस खाली ठेवून, एवढ्यावर समेट झाला. वीस मिनिटांचं काय होतं ते पुतण्याने हळूच सांगितलं : चहा आला की खाली ठेवतात.

बारा आठवड्यांनंतर

कामातलं दुखणं सातवरून तीनवर. उजवी चिमटी सहा किलो. कापांजीच्या मोजपट्टीवर आठ, म्हणजे अंगठा करंगळीच्या मधल्या घडीपर्यंत पोचतो. तांब्या धरता येतो. भाकरी मोडताना अजून जाणवतं, पण आता ते तळहातात घेऊन बोटांनी मोडतात. पंगतीत लोक बघतात, असं म्हणाले.

झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, परत आलेली नाही आणि येणारही नाही; तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, ती स्वतःला भरून काढू शकत नाही. एक्स-रे आज काढला तर जुलैसारखाच दिसेल. दुखणं पुन्हा चढलं तर सांध्यात इंजेक्शन आहे, तेही काही काळापुरतं. त्याच्यापुढे ट्रॅपिझियम काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे. हे त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, हाड काढल्यावर जवारी निघते का. चिमटीचा जोर परत यायला कित्येक महिने जातात, आणि कानशीचा तो अंदाज परत येईल की नाही हे मला सांगता येणार नाही, असं मी म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या आता," म्हणाले.

निघताना डावा अंगठा पुढे केला. त्याच्या बुडाशी हलकासा उंचवटा आहे. डाव्या हाताने ते घोडी धरून ठेवतात, उजव्याने घासतात; तिथे पीळ नाही पण दाब आहे. दाब-पिळाची चाचणी केली, किंचित खरखर लागली, दुखणं नाही. डाव्यासाठी पट्टीचं माप घेऊन ठेवलंय. त्यांच्याकडे पुण्याचा एक तानपुरा दुरुस्तीला आहे, तो गेला की येतो म्हणाले. मुठीची दुसरी प्रत तयार झाली आहे, ती पुतण्या वापरतो.